चिंचोक्याची हाक

मोरगिरेवाडीत बहिरं कुणीच नव्हतं. ऐकायला येत नव्हतं ते पुष्कळांना, पण ती गोष्ट वेगळी.

उंब्रजला हायवे सोडला आणि डोंगराकडं तोंड केलं की आधी ऊस संपतो, मग ज्वारी लागते, आणि ज्वारीही संपायच्या बेताला ही वाडी येते. घरटी एक माणूस फौजेत, आणि फौजेत म्हणजे तोफखान्यात. पहिल्यांदा कोण गेला ते आता कुणाला सांगता येत नाही. पण त्यानं भावकीला नेलं, भावकीनं पाव्हण्यांना नेलं, आणि पुढं पुढं वाडीतल्या पोरानं तोफखाना सोडून दुसरीकडं भरती होणं म्हणजे ठरलेली सोयरीक मोडण्यासारखं झालं.

तोफ माणसाकडून काय घेते ते ती लगेच सांगत नाही. त्या काळी कानात कापसाचा बोळा आणि ओठांवर भैरोबाचं नाव, एवढाच बंदोबस्त. माणूस पेन्शनीत यायचा, फेटा बांधून मिरवून घ्यायचा, काही वर्षं सगळं नीट ऐकायचा, आणि मग एकेक आवाज रजेवर जायला लागायचा. आधी पाखरं जायची. मग नातवंडं. शेवटी कुकरची शिट्टी. रजेवर गेलेला आवाज काही परत हजर व्हायचा नाही.

पण हे इतकं सावकाश आणि इतक्या जणांना झालं, की वाडीनं त्याला आजार म्हटलंच नाही. वाडीनं नुसती वागायची रीत बदलली. बोलायचं तर समोर यायचं. आपल्या तोंडावर उजेड पडेल असं उभं राहायचं. तोंडात तंबाखू असली तर आधी थुंकायची आणि मग बोलायचं. त्यानं वाडीतली तंबाखू थोडी कमी झाली, असं बायका सांगत. नव्या नवरीनं पदर डोक्यावर घ्यावा, पण ओठांवर आणू नये, हे सासू पहिल्याच दिवशी शिकवायची. देवळात आरतीला घंटा वाजायचीच, पण घंटेच्या जोडीनं कळसावरचा लाल बल्बही लागायचा. ग्रामसभेत सरपंच उन्हाकडं तोंड करून बसायचा, त्यामुळं आसपासच्या गावांत सभा लांबायच्या तशा इथं कधी लांबल्या नाहीत.

आणि लांबच्या माणसाला हाक मारायची असली, तर चिंचोका. प्रत्येकाच्या खिशात मूठभर चिंचोके असायचेच. चिंचोका लागत नाही, पण कळतो. गड्याला पाठीवर मारायचा. बाईमाणसाला मारायचा नाही, तिच्या पायापुढं टाकायचा. बायकांना मात्र कुणालाही कुठंही मारायची मुभा होती. माणसं मूळची तोफखान्यातली, त्यामुळं नेम चुकायचा प्रश्न नव्हता.

आकाराम या वाडीतला. फौजेत हवालदार होता, म्हणजे गावात मेजर होता. वाडीत शिपायालासुद्धा मेजरच म्हणतात, उगीच कुणाचं मन कशाला दुखवा. त्याच्या मते त्याचा कान थोडासा जड होता, इतकंच. मिलिटरीच्या दवाखान्यानं त्याला कानाचं मशीन दिलं होतं, ते देव्हाऱ्याखालच्या कपाटात असायचं. खंडेनवमीला कोयता, खुरपं आणि मशीन अशी तिघांची पूजा व्हायची. एरवी ते लावायची सोय नव्हती. मशीन लावलं की म्हशीचं रवंथ आणि साळूबाईचं बोलणं एकाच मापानं कानात शिरायचं, आणि त्यातल्या कुणाला उत्तर द्यायचं हे त्याला कळायचं नाही. साळूबाई त्याची बायको. मशिनाबद्दल तिचं मत असं होतं, की तिचा संसार मशिनाशिवाय उत्तम चालला आहे.

अडचण आली ती डोळ्याची. आकारामच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकले. शेजारच्या तानाजी मेजरच्या मिश्या आधी धूसर झाल्या, मग मिश्यांखालचे ओठ, आणि ओठ धूसर झाले तसं तानाजीचं बोलणं ऐकू येईनासं झालं. आकारामनं त्याला दोनदा विचारलं की बाबा, तुझा घसा बसलाय का. मग मात्र साळूबाईनं सांगलीला पोराला फोन लावला.

पोरगा धैर्यशील सांगलीत बँकेत. विश्रामबागेत तिसऱ्या मजल्यावर घर, बायको दीपमाला शाळेत शिक्षिका. चौथीनंतर तो मामाकडं इस्लामपूरला शिकायला गेला आणि तिथून तसाच पुढं. दिवाळीला आणि यात्रेला गाडीतून येऊन एक रात्र राहून जाणारा, पण बापावर जीव असलेला पोरगा. मिरजेतल्या दवाखान्यात आधी एक डोळा करायचा आणि दीड-दोन महिन्यांनी दुसरा, असं ठरलं. म्हशीमुळं साळूबाईला हलता येत नव्हतं. आकाराम एकटाच निघाला. निघताना त्यानं खिशात चिंचोके भरले, जसं शहरातला माणूस निघताना मोबाईल चाचपतो तसं.

आणि सांगलीत जाऊन आठवड्याच्या आत तो बहिरा झाला.

म्हणजे कानात नवीन काही बिघडलं नाही. कान होते तिथंच होते. पण सांगलीत कुणी समोर येऊन बोलायचंच नाही. दीपमाला ओट्याकडं तोंड करून चहाचं विचारायची. धैर्यशील फ्रीजमध्ये डोकं घालून तब्येत विचारायचा. हाच धैर्यशील वाडीत आला की नकळत बापाच्या खांद्याला हात लावून, समोर बसून बोलायचा. सांगलीत त्याच्या अंगातून ती रीत अशी गळून जायची, जशी पेठनाक्याला वळताना खिडकीतून रुमाल उडून जावा. त्याला स्वतःला हे माहीत नव्हतं. त्याला एवढंच दिसलं, की गावाकडं बापाला चांगलं ऐकू यायचं आणि इथं अजिबात येत नाही. त्यावरून त्यानं जे अनुमान काढलं ते कुठल्याही शिकलेल्या माणसानं काढलं असतं: आबांची तब्येत झपाट्यानं ढासळली आहे.

मग तो ओरडून बोलायला लागला. ओरडलं की तोंड वाकडं होतं, आणि वाकड्या तोंडातले शब्द वाचता येत नाहीत. आकारामला फक्त एवढंच कळायचं, की पोरगा कशावर तरी रागावला आहे.

एक दिवस दुपारी घरात तो एकटा असताना दीपमाला किल्ली विसरून दाराबाहेर उभी राहिली. तिनं बेल दाबली, दार वाजवलं, फोन केला. आत आकाराम दाराकडं पाठ करून शांतपणे शेंगा सोलत बसला होता. शेवटी खालच्या मजल्यावरची माणसं गोळा झाली आणि कुणीतरी म्हणालं, आजोबांना काही झालं तर नाही ना. धैर्यशीलनं बँकेतून येऊन आपल्या किल्लीनं दार उघडलं तेव्हा जिन्यात एवढी माणसं बघून आकारामलाच वाटलं, कुणीतरी गेलं. त्यानं टोपी काढली.

त्याच आठवड्यात चिंचोक्याचं प्रकरण झालं. सोसायटीच्या बागेत चेअरमन जयराजराव सकाळी फेऱ्या मारायचे. मोठ्या कारखान्यातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, पांढरे बूट, ताठ मान. त्यांचा रुमाल पडला. आकारामनं तो उचलला आणि रीतीप्रमाणं, मागनं, वीस पावलांवरून, त्यांच्या पाठीच्या बरोबर मधोमध चिंचोका घातला. जयराजरावांच्या आयुष्यात त्यांच्यावर पहिल्यांदाच काहीतरी फेकलं गेलं होतं. संध्याकाळी ते वर आले आणि धैर्यशीलला बाजूला घेऊन बराच वेळ बोलले. आकारामला लांबून त्यांचे ओठ धूसर दिसत होते. त्याला वाटलं, रुमालाबद्दल आभार मानत असतील. त्यानं तिथूनच हात हलवून असू द्या, असू द्या असं केलं.

दवाखान्यात तर कहरच झाला. तिथं डॉक्टरांपासून झाडूवाल्या मावशीपर्यंत सगळ्यांनी तोंडाला मास्क लावलेले. वाडीच्या हिशेबानं त्या दवाखान्यात सगळेच मुके होते. दीपमाला औषधं आणायला खाली गेली आणि त्याच वेळी नर्सनं मागच्या दारातून त्याचं नाव पुकारलं. आकाराम समोरच्या भिंतीवरचं डोळ्याचं मोठं चित्र बघत बसला होता. मागून आलेली माणसं आत गेली, बाहेर आली, घरी गेली. दीपमाला परतली तेव्हा नर्स तिला म्हणाली, तीनदा पुकारलं, पेशंट हजर नव्हता.

हे दीपमालेनं त्याच्या कानात ओरडून सांगितलं, आणि नेमकं हेच त्याला ऐकू आलं. उभ्या नोकरीत आकाराम कधी गैरहजर लागला नव्हता. बर्फात नाही, तापात नाही, बाप गेला तेव्हासुद्धा रजा मंजूर होऊन निघाला होता. आपण हजर होतो हे सांगायला तो उठला. डॉक्टर समोरून पाठमोरे चालले होते. आकारामचा हात खिशात गेला.

डॉक्टरांनी पाठ चोळत खाली वाकून चिंचोका उचलला, बघितला आणि दीपमालेला हळूच विचारलं की यांना विसराळूपणा, भ्रम, असं काही होतं का. डॉक्टर भला माणूस होता आणि हात देवाचा होता, डोळा त्यानं लोण्यातून केस काढावा तसा केला. पण त्या दिवसापासून आकारामशी कुणी बोलेना. जे विचारायचं ते दीपमालेला. यांनी खाल्लं का? यांना दुखतंय का? यांना संडासला जायचंय का? आणि 'हे' समोर बसलेले असायचे, हिरव्या झग्यात, एका डोळ्यावर पट्टी बांधून. नर्सनं दुसऱ्या नर्सला त्याच्याकडं बोट दाखवून काहीतरी सांगितलं. एवढं कळायला ओठ दिसावे लागत नाहीत.

घरी आल्यावर बैठक झाली. धैर्यशील, दीपमाला आणि फोनवर मामा. आकाराम मधोमध सोफ्यावर होता, म्हणजे बैठक त्याच्या अवतीभवतीच झाली. तोंडं हलत होती, माना डोलत होत्या. शेवटी धैर्यशील त्याच्या कानापाशी येऊन मोठ्यानं बोलला.

"आबा, आता गावाकडं राहायचं नाही. ऐकू येत नाही, दिसत नाही, काय झालं तर कोण बघणार? तुम्ही इथंच राहायचं. आईपण इथंच. म्हैस विकून टाकू."

पोरानं हे रडवेल्या तोंडानं सांगितलं, आणि त्यामुळंच आकारामला नाही म्हणता येईना. रागावलेल्या पोराशी भांडता येतं. काळजीनं अर्ध्या झालेल्या पोराशी काय भांडणार? त्याला वाडीला जायचं होतं. साळूबाईकडं, तानाजीकडं, आपल्या कट्ट्यावर, म्हातारपण काढायला. पण त्याच्याच मनात आता शंका शिरली होती, की पोरगं खरंच बोलत असेल. एवढी शिकलेली माणसं सगळी मिळून चुकतील कशी. आपण बहिरेच झालो असणार. वाडीत काय, भास होत असेल ऐकू येतं म्हणून.

त्यानं खिशातले चिंचोके काढले आणि बाल्कनीतल्या तुळशीच्या कुंडीत ठेवून दिले. एवढंच म्हणाला, की एकदा भैरोबाला नारळ फोडून येतो, मग तुमी म्हणाल तसं.

धैर्यशीलला रजा नव्हती. दीपमालेच्या शाळेला सुट्टी लागली होती. डोळ्यात थेंब वेळच्या वेळी घालायचे होते, सासूबाईंचं सामान बांधायचं होतं आणि म्हशीला गिऱ्हाईक बघायचं होतं, अशी तीन कामं घेऊन ती सासऱ्याबरोबर निघाली. एस्टीनं उंब्रज, तिथून माणसं कोंबून नेणारी वडापची जीप. वाटभर काळ्या चष्म्याआडून आकाराम ऊस बघत होता. ऊस डोळ्याला फार स्वच्छ दिसत होता, आणि हे बघून घ्यायला आता थोडेच दिवस आहेत असं त्याला वाटत होतं.

जीपमधून उतरून तो कंबर सरळ करतोय, तोच त्याच्या पाठीवर दोन खवाट्यांच्या मधोमध टक्कन काहीतरी लागलं.

तो वळला. रस्त्यापल्याड तानाजी मेजर उभा होता. सावलीतून दोन पावलं पुढं येऊन, तोंडावर ऊन घेऊन.

"काय मेजर, डोळा घिऊन आलास का तितंच ठिवलास?"

आकारामला ते शब्दन् शब्द ऐकू आलं. मिशीचा केसन् केस दिसत होता, मिशीखाली ओठ दिसत होते, आणि ओठांतून बोलणं पूर्वीसारखं सरळ येत होतं. तो तसाच उभा राहिला. मग खात्री करावी म्हणून म्हणाला, परत बोल. तानाजीनं परत विचारलं, वर एक शिवी घातली. ती पण ऐकू आली. एवढी गोड शिवी त्यानं फार दिवसांत ऐकली नव्हती.

दीपमाला मात्र आल्या दिवसापासून अडकली. तिला धुळीचा त्रास, म्हणून तिनं ओढणी नाकातोंडावरून घट्ट बांधलेली. वर मोबाईलला रेंज नाही म्हणून नजर कायम त्याच्यात. बिराप्पाच्या दुकानात दूध घालायला सगळं गाव येतं, तिथं म्हशीचं गिऱ्हाईक कळेल असं कुणीतरी सांगितलं, म्हणून ती तिकडं गेली. बिराप्पाही जुना तोफवालाच. तो पाठ करून पोती रचत होता. दीपमालेनं ओढणीआडून विचारलं. पुन्हा विचारलं. जरा चढ्या आवाजात विचारलं. बिराप्पा वळला, एका बाईला साबण दिला, एका माणसाला बिडी दिली, पुन्हा पाठ केली. तिच्यामागून आलेली माणसं सामान घेऊन गेली. ती उभीच. शाळेत साठ पोरांचा वर्ग एका आवाजात गप करणारी बाई तिथं कुणाला दिसतच नव्हती.

कट्ट्यावर बसलेला तानाजी हे सगळं बघत होता. त्याला फार वाईट वाटलं. तो आकारामच्या समोर येऊन बसला आणि आवाज खाली आणल्यासारखं तोंड करून म्हणाला,

"आकाराम, सुनंला बोलायला येत न्हाई व्हय रं?"

आकारामनं नीट विचार केला. "येतंय. पर लय थोडं."

"जन्मापासनं?"

"सांगलीचीच हाय ती."

तानाजीनं समजल्यासारखी मान हलवली. मग म्हणाला, सभाव चांगला हाय पर पोरीचा, आन् हातपाय धड हायेत, दुसरं काय पायजे. आपल्यात राहिली तर शिकंल हळूहळू. आकाराम म्हणाला, व्हय, आमी बी आशेवर हाय. मग दोघंही गंभीर तोंडानं दुकानाकडं बघत बसले. दवाखान्यातून आल्यापासून आकारामला एवढं बरं पहिल्यांदाच वाटत होतं, आणि त्याची त्याला थोडी लाजही वाटली.

शेवटी दीपमालेच्या पाठीवर चिंचोका बसला. मारणारी तानाजीची बायको रंगूबाई, समोरच्या ओट्यावरून. ती आली, दीपमालेच्या तोंडावरची ओढणी लेकीची सोडावी तशी सोडली आणि दुकानाच्या फळीवरून लोंबणारी दोरी तिच्या हातात दिली. दोरी ओढली की आत बिराप्पाच्या डोळ्यांपुढं एक लाल फडकं हलायचं. फडकं हललं. बिराप्पा वळला, दीपमालेचं उघडं तोंड बघून एवढा खूश झाला की आधी त्यानं तिला गुळाचा खडा दिला.

"तोंड झाकून बोललं तर आमी ऐकायचं कुठनं, बाई?" रंगूबाई म्हणाली.

"पण मावशी, तुम्हाला तर ऐकू येतं."

"येतंय की. सुई पडली तर येतंय. वाडीतल्या समद्या बायकांस्नी येतंय." रंगूबाई दीपमालेच्या बरोबर समोर उभी राहून बोलत होती, उजेडात, सावकाश. "पर आमी आपल्याआपल्यात बी असंच बोलतो. सवय मोडली, तर ह्या गड्यांशी कोण बोलंल?"

दीपमाला गिऱ्हाईक विचारायला गेली होती. गूळ चघळत परत आली.

त्या संध्याकाळी थेंब घालायची वेळ झाली आणि लाईट गेली. लोडशेडिंगचं काही नवल नव्हतं. स्वयंपाकघरात अंधार पडला. दीपमाला मोबाईलचा उजेड शोधत होती, तोवर साळूबाईनं कोनाड्यातली बॅटरी काढली आणि लावली. कुणीही बॅटरी लावतं ती वाटेवर, चुलीवर, नाहीतर समोरच्या माणसावर. साळूबाईनं ती स्वतःच्या तोंडावर धरली, जरा बाजूनं, आणि नवऱ्याला म्हणाली, "थेंब घालून घ्या, तवर मी भाकरी टाकते. आन् उशी उंच घ्या." बोलून झाल्यावर बॅटरी चुलीकडं वळवली. पुन्हा काही आठवलं तशी पुन्हा तोंडावर घेतली.

दीपमालेचा हात थेंबांच्या बाटलीवर तसाच थांबला.

आकारामनं सुनेकडं बघितलं, सून कुठं बघतेय ते बघितलं, आणि मग नव्या डोळ्यानं बायकोकडं बघितलं. बॅटरीच्या उजेडात साळूबाईच्या तोंडावरची एकेक सुरकुती दिसत होती. ही बॅटरी तो कितीतरी वर्षं बघत आला होता. सेल संपले की तोच उंब्रजहून आणायचा. सेल फार लागतात म्हणून कुरकुरायचा पण. आपल्या बायकोला अंधाराचं भ्या वाटतं, अशी त्याची समजूत होती.

"साळू, ही बॅटरी तू कवापासनं आशी धरतीस?"

"कशी?"

"आशी. सोत्ताच्या तोंडावर."

साळूबाई परातीत पीठ घेता घेता थांबली. तिला आठवावं लागलं. "तुमी पेन्शनीत आल्यावर चार-पाच वर्सांनी असंल. अंधार पडला की तुमी गप बसाया लागला."

"मला म्हणायचं न्हाईस कदी?"

"काय म्हणायचं त्यात? तुमाला ऐकू येत न्हाई म्हणू?" तिनं बॅटरी परत तोंडावर नीट धरली. "आन् रातभर गप बसायला मला कुठं जमतंय."

तानाजीचं ते सावलीतून दोन पावलं पुढं येणं आकारामला आठवलं. सरपंचाचा घाम आठवला. उघड्या तोंडानं बोलणाऱ्या साऱ्या बायाबापड्या आठवल्या. इतकी वर्षं तो समजत होता की त्याचा कान थोडासा जड आहे. कान कधीच गेला होता. वाडीनं तो आपापसांत वाटून उचलला होता, आणि एकानंही त्याला ओझं म्हणून सांगितलं नव्हतं. त्याचा डोळा भरून आला. दीपमालेनं घाईनं थेंब घातले, म्हणजे कुणाला फरक कळू नये.

मग तिनं साळूबाईच्या हातातून बॅटरी घेतली. हनुवटीखाली धरली, खालून वर.

"आबा," ती म्हणाली, सावकाश, ओठ उघडून, "म्हैस विकायची नाही."

आकारामला ते ऐकू आलं. पण खालून उजेड पडल्यामुळं सून हडळीसारखी दिसत होती, आणि साळूबाईनं लगेच तिचा हात धरून बॅटरी कानाच्या बाजूला नेली. आशी धर, ती म्हणाली, न्हाईतर सासरा जायचा.

फोनला रेंज देवळाच्या पायरीवर मिळते. दुसऱ्या दिवशी सकाळी आकारामनं नारळ फोडला आणि दीपमालेनं तिथूनच धैर्यशीलला फोन लावला. ती आकारामकडं तोंड करून बसली होती, आता ते तिच्या ध्यानात राहायला लागलं होतं, त्यामुळं तिचा अर्धा संवाद त्याला बसल्या जागी मिळाला. ती म्हणाली, सामान बांधलेलं नाही. म्हणाली, तब्येत ढासळलेली नाही, ढासळलं आहे ते आपलं घर. मग तिनं विचारलं, "तुम्ही सांगलीत आबांच्या समोर बसून शेवटचं कधी बोललात?"

पलीकडून काय उत्तर आलं ते आकारामला तिच्या चेहऱ्यावरून कळलं. मग दीपमाला मऊ आवाजात म्हणाली असावी, कारण तिचे ओठ मऊ झाले, की मीपण नाही हो.

दीड महिन्यानं दुसऱ्या डोळ्यासाठी आकाराम पुन्हा सांगलीला आला. थोड्या दिवसांपुरता, म्हशीला तसं सांगून आला होता. दारावरची बेल आता वाजायचीही आणि दिवाणखान्याच्या मधोमध एक लाल बल्बही लागायचा. देवळाच्या कळसासारखा, हे धैर्यशीलचंच डोकं. तो बल्ब लावताना शिडीवरून खाली उतरून, बापासमोर येऊन, मग बोलला की आबा, स्क्रू ड्रायव्हर द्या. दवाखान्यात दीपमालेनं नर्सला काही तरी समजावलं. नर्स काचेपलीकडं गेली, तिथून तिनं मास्क खाली केला, आकारामकडं बघून त्याचं नाव घेतलं आणि विचारलं, "आजोबा, तुम्हाला दुखतंय का?" तुम्हाला. आकारामनं उभं राहून हजर म्हटलं. चिंचोके बरोबर होते, पण दीपमालेच्या पर्समध्ये, तिच्या परवानगीशिवाय मिळायचे नाहीत.

डोळा झाल्यावर सकाळी तो काळा चष्मा लावून सोसायटीच्या बागेत बसला होता. तेवढ्यात त्याच्या डोक्यावरून काहीतरी सुळकन गेलं आणि समोरच्या जास्वंदीत पडलं. त्यानं मागं बघितलं. चेअरमन जयराजराव उभे होते. पांढरे बूट, ताठ मान, आणि हातात चिंचोके. कुंडीत ठेवलेल्या चिंचोक्यांतले ते दीपमालेकडून मागून घेतलेले होते, हे त्याला नंतर कळलं.

जयराजराव जवळ आले. आधी इकडंतिकडं बघितलं. मग आकारामच्या समोर, उन्हाकडं तोंड करून उभे राहिले. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं, म्हणजे ते बरेच दिवस लांबून बघत असावेत.

"तुमच्याकडं तो बेलबरोबर लागणारा बल्ब कुणी बसवला?" त्यांनी विचारलं. आणि मग, ज्या माणसानं कारखान्यात आणि सोसायटीत प्रत्येक सभा नुसती मान डोलावून पार पाडली होती, त्यानं हळूच आपल्या डाव्या कानाला हात लावला.

आकारामनं बेंचावर सरकून जागा केली. जयराजराव बसले. पण शेजारी बसलं की तोंड दिसत नाही, म्हणून दोघंही अवघडून एकमेकांकडं वळून बसले, लहान पोरं भांडायला बसतात तशी.

"बल्बाचं पोराला विचारून सांगतो," आकाराम म्हणाला. मग जास्वंदीकडं बोट केलं. "पर आधी गोळा लांब गेला त्याचं बघू. पुढच्या टायमाला जरा खाली घ्या."